स्टिअरिंग कॉलम बसवताय? आधी सगळं सैल ठेवा

मी पहिल्यांदा स्टिअरिंग कॉलम (स्टिअरिंग व्हीलपासून खाली जाणारा शाफ्ट आणि त्याची नळी) बसवला तेव्हा सगळे बोल्ट जागेवर गेले, स्टिअरिंग फिरलं, गाडी वळली. झालं काम, असं मी धरून चाललो. रस्त्यावर मात्र एक गोष्ट खटकायला लागली. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ येईना, हातानेच परत आणावं लागायचं. टायरची हवा पाहिली, चाकांचं अलाइनमेंट दोनदा करून घेतलं, रॅकला, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दातेरी पट्टीला, ग्रीस दिलं. फरक शून्य. शेवटी एका संध्याकाळी डॅशबोर्डखाली उताणा पडून ब्रॅकेटचे दोन बोल्ट सैल करायला घेतले. दुसरा बोल्ट सुटता सुटता कॉलमने ‘टक्’ करून खाली उडी मारली. जेमतेम सहा-सात मिलिमीटर. तेवढं अंतर मी बोल्टच्या जोरावर ओढून मिटवलं होतं, आणि त्याचा सगळा ताण खालच्या बुशवर (शाफ्टला आधार देणाऱ्या कड्यावर) आणि जॉइंटवर बसला होता.

हा लेख त्या सहा-सात मिलिमीटरसाठी आहे. साधारण १९५० ते १९७० च्या दशकांतल्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. गाडी कोणतीही असो, सूत्र एकच: बोल्ट कॉलमला धरायला असतात, ओढायला नसतात.

१. आधी तुमची मांडणी ओळखा

जुन्या गाड्यांत ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात.

पहिला, कॉलम आणि रॅक यांच्यामध्ये एकच युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे कोनातही फिरणारा सांधा. इथे रेषा जुळवणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण चूक झाकायला दुसरा जॉइंटच नाही.

दुसरा, मध्ये छोटा शाफ्ट आणि दोन्ही टोकांना जॉइंट, किंवा एका टोकाला रबराची चकती. ही मांडणी थोडी चूक पोटात घालते, म्हणून लोक इथे बेफिकीर होतात.

तिसरा, लांबच लांब एकसंध शाफ्ट थेट स्टिअरिंग बॉक्समधून (रॅकऐवजी असलेल्या गिअरच्या पेटीतून) वर आलेला. इथे जॉइंट नाहीच. डॅशबोर्डपाशी कॉलम ओढलात की ताण सरळ बॉक्सच्या बेअरिंगवर जातो.

२. खोलण्याआधी खुणा आणि फोटो

घाई इथेच नडते. चाकं सरळ ठेवून स्टिअरिंग व्हील आणि शाफ्टच्या टोकावर एकाच रेषेत सेंटर पंचने बारीक ठिपका द्या. जॉइंट आणि पिनियन शाफ्टवरही (रॅक फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या दांड्यावर) तसाच. कॉलम धक्क्यात आत दबणारा असेल तर मात्र शाफ्टवर ठोकू नका, खूण कोरा. रंगाची खूण पुसली जाते, ठिपका राहतो. ब्रॅकेटचे बोल्ट लांबट भोकांत कुठे बसले होते ते टोकदार खिळ्याने कोरून ठेवा. रॅकच्या किंवा बॉक्सच्या पायाखाली पातळ पत्र्याचे शिम निघाले तर ते कोणत्या पायाखाली किती होते हे लिहून त्याच बोल्टला बांधून ठेवा. शिम म्हणजे कचरा नव्हे, कारखान्यात कोणीतरी मोजून घातलेला हिशेब आहे तो. (माझे दोन शिम मी झाडून टाकले होते. पुन्हा मोजत बसलो.)

बॅटरी आधी सोडवा. हॉर्न, इंडिकेटर, इग्निशन यांच्या तारा याच कॉलमवर असतात.

३. जवळ काय हवं

कागदपत्रांत तुमच्या मॉडेलचं आणि वर्षाचं वर्कशॉप मॅन्युअल, सुट्या भागांचा आकृतीसंच आणि तुमचे फोटो. नट-बोल्ट किती टॉर्कला (पिळण्याच्या जोराला) आवळायचे हे मॅन्युअलमधूनच घ्या. कोणी ‘साधारण इतकं’ म्हणून सांगितलेला आकडा स्टिअरिंगवर वापरू नका.

हत्यारांत पाने आणि सॉकेट, टॉर्क रेंच, स्टिअरिंग व्हील काढायचा पुलर, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), लहान आरसा, टॉर्च, सेंटर पंच, मोजपट्टी आणि गाडी टेकवायला भक्कम स्टँड. निव्वळ जॅकवर उभ्या गाडीखाली शिरू नका. सामानात नवे बुश, फायरवॉलचं (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याचं) रबरी सील, शिमसाठी पत्रा आणि जॉइंटचे नवे बोल्ट व सेल्फ-लॉकिंग नट. जुना नायलॉनचा नट परत लावायचा नाही. एकदा आवळून सुटला की त्याची पकड कमी होते.

आट्यांबाबत सावध राहा. इंची मापाच्या गाडीवर ५/१६ यूएनएफ (बारीक आट्यांचा इंची) बोल्ट असेल तर त्याचा व्यास ७.९४ मिलिमीटर, म्हणजे ८ मिलिमीटरच्या एम८ च्या अगदी शेजारी. डब्यातला एम८ चा नट त्यावर एखादा फेरा जातो, मग घट्ट होतो, आणि वाटतं की गंज आहे. गंज नसतो. एकाचे आटे इंचाला २४, दुसऱ्याच्या दोन आट्यांतलं अंतर १.२५ मिलिमीटर. जोर लावलात की आटे गेले. नट बोटांनी शेवटपर्यंत फिरत नसेल तर थांबा.

४. सुटा कॉलम टेबलावर तपासा

बाहेरची नळी आणि आतला शाफ्ट वेगळे करा. शाफ्ट दोन व्ही आकाराच्या ठोकळ्यांवर ठेवून फिरवा. मध्यभागी पेन्सिलचं टोक स्थिर धरलं की वाक लगेच दिसतो. वाकलेला शाफ्ट ठोकून सरळ करायच्या भानगडीत पडू नका, बदला. तापवणं आणि वेल्डिंग तर नकोच.

बुश फेल्टचा असेल तर बसवण्याआधी तेलात मुरू द्या. कोरडा फेल्ट काही दिवसांतच कुरकुरायला लागतो. नायलॉनचा असेल तर नवा बुश शाफ्टवर आधी नुसता सरकवून पाहा. घट्ट असेल तर आत्ताच कळू दे. गाडीत बसवल्यावर तो घट्टपणा तुम्ही रेषेची चूक समजाल आणि भलतीकडेच शोधत बसाल.

कॉलम धक्क्यात आत दबणाऱ्या प्रकारचा असेल तर जास्त जपा. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९६७ च्या मॉडेलांवर असे कॉलम आणले आणि १ जानेवारी १९६८ पासून तिथल्या सुरक्षा नियमांनी ते जवळपास अपरिहार्यच केले. ताशी ४८ किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळल्यावर कॉलम चालकाच्या दिशेने १२७ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये, अशी ती अट. त्यासाठी यांत जाळीदार नळी किंवा धक्क्यात तुटण्यासाठीच ठेवलेल्या प्लास्टिकच्या पिना असतात. शाफ्टच्या टोकावर हातोडीचा एक फटका बसला की त्या पिना तुटू शकतात, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. कॉलमची लांबी मॅन्युअलमधल्या मापाशी ताडून पाहा. कमी भरली किंवा दोन भाग एकमेकांत खुळखुळले तर तो कॉलम बाद.

५. रॅक किंवा बॉक्स मध्यावर आणा

कॉलम जोडण्याआधी हे करायचं. नंतर केलंत तर सगळं पुन्हा. पुढची चाकं अधांतरी ठेवून पिनियन एका टोकापर्यंत हळू फिरवा, मग दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजत न्या. साडेतीन भरले तर पावणेदोन फेरे मागे या. हा तुमचा मध्य. टोकाला आदळू देऊ नका.

स्टिअरिंग बॉक्स असेल तर मध्याला आणखी एक अर्थ आहे. बॉक्समधला प्ले (मोकळी हालचाल) सरळ जाताना सगळ्यात कमी राहावा अशी त्याची रचना असते. दोन्ही टोकांकडे तो थोडा वाढतो. बॉक्स मध्यावर नसताना चाकं सरळ जोडलीत तर रस्त्यावर गाडी हातात सैल लागेल, आणि तुम्ही बॉक्सचा स्क्रू आवळत बसाल.

६. कॉलम आत घाला, पण काहीही आवळू नका

फायरवॉलचं सील आधी कॉलमवर चढवा. हे विसरून कॉलम परत काढलेली माणसं मला माहीत आहेत. त्यांतला एक मी. डॅशबोर्डचा ब्रॅकेट, फायरवॉलची क्लॅम्प, रॅकचे बोल्ट हे सगळं बोटांनी फिरेल इतपतच लावा. जॉइंट अजून लावू नका.

आता कॉलम सोडून द्या आणि तो कुठे विसावतो ते पाहा. ब्रॅकेट आणि डॅशबोर्डमध्ये फट राहते का? फायरवॉलच्या भोकात नळी एका बाजूला टेकते का? या फटींकडे नीट पाहा, पुढच्या पायरीचं सगळं काम यांच्यावरच आहे.

७. रेषा जुळवा

एका जॉइंटच्या मांडणीत लोक एक गोष्ट चुकीची समजतात. कॉलम आणि पिनियन एका सरळ रेषेत हवेत असं नाही. त्यांच्यात कोन असणारच, जॉइंट त्यासाठीच आहे. अट वेगळी आहे: दोघांच्या मध्यरेषा एकाच बिंदूत भेटल्या पाहिजेत, आणि तो बिंदू जॉइंटमधल्या क्रॉसच्या (अधिकच्या चिन्हासारख्या भागाच्या) मधोमध पडला पाहिजे. दोन पेन्सिली टोकाला टोक लावून धरा. हव्या तितक्या तिरक्या करा, टोकं चिकटलेली राहतात. आता एक पेन्सिल थोडी बाजूला सरकवा. टोकं सुटली. एकच जॉइंट असेल तर कोन चालतो, हे बाजूला सरकणं अजिबात चालत नाही. तो फिरेल, पण प्रत्येक फेऱ्यात शाफ्टला वाकवत फिरेल.

हे तपासायची कारखान्याची पद्धत फार सुंदर आहे. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या कामात कॉलम आणि पिनियन या दोन्हींच्या टोकांवर टोकदार गेज चढवतात, दोन्ही टोकं एकमेकांना भिडतात का ते पाहतात आणि उरलेलं अंतर रॅकच्या पायाखाली शिम घालून भरतात. तसे गेज घरीही होतात. मी शाफ्टवर घट्ट बसतील अशा दोन लाकडी टोप्या लेथवर करून घेतल्या आणि दोन्हींच्या बरोबर मधोमध एकेक खिळा ठोकला.

खिळा किती बाहेर हवा? जॉइंट शाफ्टवर पूर्ण बसवा, म्हणजे बोल्टचं भोक शाफ्टच्या खोबणीसमोर येईल इतका. शाफ्टच्या टोकापासून क्रॉसच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. खिळ्याचं टोक शाफ्टच्या टोकापासून तेवढंच पुढे हवं. दुसऱ्या बाजूलाही तसंच.

आता टोप्या चढवून टॉर्च मारा. आधी कॉलम हळू फिरवा. त्याचा खिळा जागच्या जागी फिरायला हवा. तो हवेत छोटं वर्तुळ काढत असेल तर टोपी अर्धा फेरा फिरवून परत चढवा. शाफ्ट त्याच कोनात आणल्यावर खिळ्याचा कलही उलट झाला, तर टोपी वाकडी. कल होता तसाच राहिला, तर शाफ्ट वाकडा, आणि तुम्ही चौथी पायरी घाईत उरकली.

खिळे स्थिर झाले की कॉलमला लांबट भोकांत मिळेल तेवढं वर-खाली, डावी-उजवीकडे, पुढे-मागे सरकवून टोकाला टोक भिडवा. बहुतेक वेळा डावी-उजवी बाजू लवकर जुळते आणि वर-खाली थोडं उरतं. ते रॅकच्या पायाखालच्या शिमने भरायचं. रॅक उचलून टोकं भिडवा, पायाखाली पडलेली फट फीलर गेजने मोजा आणि तेवढ्याच जाडीचा शिम घाला. मग रॅकचे बोल्ट हलके आवळून परत पाहा. आवळताना टोकं सुटली तर शिम चुकीच्या पायाखाली आहे किंवा कमी पडतोय. डॅशबोर्डच्या ब्रॅकेटपाशी फट उरली तर तिथेही वॉशर घाला. बोल्टने ती फट मिटवायची नाही. या पायरीत माझी एक अख्खी दुपार गेली, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

दोन जॉइंटची मांडणी असेल तर टोकं भिडवायची गरज नाही, पण मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे (जॉइंटचे दुभंगलेले भाग) एकाच प्रतलात हवेत. कोनात फिरणारा एकटा जॉइंट सारख्या वेगाने फिरत नाही. कोन ३० अंशांचा असेल तर पुढच्या शाफ्टचा वेग एका फेऱ्यात दोनदा ०.८७ पटीपर्यंत उतरतो आणि दोनदा १.१५ पटीपर्यंत चढतो. दोन्ही कोन सारखे आणि काटे जुळलेले असतील तर दुसरा जॉइंट हा चढउतार पुसून टाकतो. मधला शाफ्ट स्प्लाइनमधून (शाफ्टवरच्या लांबट दात्यांमधून) काढून चुकीच्या दातावर घातला तर जुळणी बिघडते, आणि वळणात स्टिअरिंग कधी हलकं, कधी जड लागतं.

रबरी चकतीचा कपलिंग असेल तर चकती सपाट आहे का एवढं पाहा. ती वाटीसारखी फुगलेली दिसली तर कॉलम जास्त पुढे किंवा जास्त मागे आहे. पुढे-मागे सरकवून ती सपाट करा.

एकसंध शाफ्टच्या गाडीत चॅसिसवरचे बॉक्सचे बोल्ट आणि वरचा ब्रॅकेट दोन्ही सैल ठेवा. कॉलम वर ब्रॅकेटमध्ये विनासायास बसेल अशा कोनात बॉक्स फिरू द्या. मग आधी बॉक्स आवळा, नंतर ब्रॅकेट. उलट क्रम नको.

८. जॉइंटचा बोल्ट

कॉलमची जागा कोरून ठेवा, थोडा वर सरकवा, जॉइंट चढवा, परत खुणेवर आणा.

या लेखातलं एवढं एकच वाचणार असाल तर हे वाचा. शाफ्टच्या स्प्लाइनवर एक आडवी खोबण असते. जॉइंटचा बोल्ट त्या खोबणीतून गेला पाहिजे, म्हणजे बोल्ट पुरता निघाल्याशिवाय शाफ्ट बाहेर सरकूच शकत नाही. पण शाफ्ट कमी आत गेला असेल तर बोल्ट शाफ्टच्या टोकापलीकडून, रिकाम्या जागेतून मजेत आरपार जातो. आवळला की जॉइंट स्प्लाइनला पकडतोही. सगळं घट्ट वाटतं, आणि शाफ्ट फक्त चिमटीवर धरलेला असतो.

म्हणून बोल्ट घालण्याआधी भोकातून टॉर्च मारून खोबणीची गोलाई दिसते का पाहा. जागा अडचणीची असेल तर आरसा धरा, नाहीतर बारीक काडी घालून चाचपा: आत गुळगुळीत गोलाई लागली तर खोबण, दाते लागले तर शाफ्ट अजून सरकायचा आहे. बोल्ट घातल्यावर, आवळण्याआधी, जॉइंट जोरात ओढून पाहा. सुटता कामा नये. बोल्ट शिरत नसेल तर ठोकू नका. खोबण समोर आलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

९. आवळण्याचा क्रम

रॅक, मग जॉइंटचे बोल्ट, मग डॅशबोर्डचा ब्रॅकेट, शेवटी फायरवॉलची क्लॅम्प. मॅन्युअल वेगळा क्रम सांगत असेल तर मॅन्युअलचं ऐका. प्रत्येक बोल्ट आवळला की चाकं अधांतरी ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. ज्या बोल्टनंतर ते जड झालं, तिथेच तुम्ही काहीतरी ओढलंय. तो सैल करा, फट शोधा, वॉशर घाला.

जडपणा कसा येतो यावरून कारण कळतं. एका फेऱ्यात एकदा अडकतं, तर शाफ्ट वाकडा किंवा बुश तिरका. एका फेऱ्यात दोनदा अडकतं, तर जॉइंटची रेषा किंवा काट्यांची जुळणी. सगळीकडे सारखंच जड, तर बुश घट्ट किंवा रॅकचं समायोजन जास्त.

स्टिअरिंग लॉकचे बोल्ट डोकं तुटून पडणाऱ्या प्रकारचे असतात. ते आत्ता फक्त हलके लावा. डोकी सगळ्यात शेवटी, रस्त्यावरची चाचणी झाल्यावर तोडायची. एकदा डोकं गेलं की तो काढायला छिन्नी नाहीतर ड्रिल.

१०. स्टिअरिंग व्हील, इंडिकेटर, हॉर्न

इंडिकेटर आपोआप बंद करणारा खुंट शाफ्टवर असतो. चाकं सरळ असताना तो स्विचच्या दोन जिभांच्या मधोमध यावा. तसा येत नसेल तर शाफ्ट जॉइंटमध्ये चुकीच्या दातावर गेलाय.

गाडी सरळ जाताना स्टिअरिंग व्हील थोडं वाकडं दिसलं तर ते काढून एक दात फिरवायचा मोह होतो. थांबा. रॅक खरंच मध्यावर आहे याची खात्री असेल तरच तसं करा. नाहीतर दोष टाय रॉडच्या (रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या) लांबीत आहे. एका बाजूचा जितका लांब कराल तितकाच दुसऱ्या बाजूचा आखूड करा. हे व्हीलवर झाकलंत तर गाडी एका बाजूला जास्त वळेल, दुसरीकडे कमी.

हॉर्न वाजत नाही? अनेक गाड्यांत त्याचं अर्थिंग शाफ्टमधून जातं आणि रबरी चकती ते तोडते. चकतीवरून जाणारी छोटी विणलेली तार परत लावायची राहिली असेल.

११. रस्त्यावर न्यायच्या आधी

ब्रेक आणि क्लचचे पेडल पूर्ण दाबून कॉलमला किंवा वायरींना लागत नाहीत ना पाहा. जॉइंट एक्झॉस्टला घासत नाही ना, हे दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहा. मग स्टिअरिंग व्हील दोन्ही हातांनी वर-खाली आणि आपल्याकडे ओढा. खट्-खट् लागलं तर घरीच थांबा.

पहिली फेरी रिकाम्या जागी, चालण्याच्या वेगाने. वळण घ्या, पकड हलकी करा आणि व्हील आपणहून परत येतं का ते बघा. टो (पुढची दोन चाकं एकमेकांकडे किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) मोजून घ्या, कारण टाय रॉडला हात लागला असेल तर तो बदललेला असू शकतो. शंभरेक किलोमीटर झाले की सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा आणि प्रत्येक नटावरून बोल्टवर रंगाची एक रेघ ओढा. पुढे कधीही बॉनेट उघडलं की ती रेघ तुटलेली नाही ना, एवढं बघितलं की झालं.